आधी पत्ता, मग पान: जँगोमध्ये स्थिर पानांसाठी स्वच्छ यूआरएल

काही वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट नव्यानं बांधून दिली. पानं मोजून सहा: मुखपृष्ठ, परिचय, सभासदत्व, वेळा, देणगी आणि संपर्क. जुनी साइट पीएचपीत होती. तिच्यातल्या देणगीच्या पानाचा पत्ता ‘पेज.पीएचपी’, पुढे प्रश्नचिन्ह, मग ‘आयडी=७’ असा होता. मी त्या जागी नुसतं ‘देणगी’ केलं आणि साइट चढवली. दोन आठवड्यांनी ग्रंथपालांचा फोन आला. वाचनालयाच्या पावतीपुस्तकात प्रत्येक पावतीच्या तळाशी जुना पत्ता छापलेला होता. पावती हातात घेऊन तो टाइप करणाऱ्या प्रत्येकाला ‘पान सापडलं नाही’ एवढंच दिसत होतं. नवा पत्ता छान होता, पण जुन्या पत्त्यानं येणाऱ्या माणसाचा मी विचारच केला नव्हता.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी सगळे पत्ते, म्हणजे यूआरएल, कागदावर लिहायचे आणि ते पक्के झाल्यावरच कोडला हात लावायचा. पत्ता एकदा पावतीवर, पाटीवर, कुणाच्या व्हॉट्सॲपमध्ये गेला की तो परत मागवता येत नाही. वर्ल्ड वाइड वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच हे कळकळीनं लिहून ठेवलं होतं: पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात.

हा लेख जँगो नुकतंच शिकू लागलेल्यांसाठी आहे. पायथनमधलं हे फ्रेमवर्क अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. बातम्यांच्या जगात रुजल्यामुळे नीटस पत्त्यांचा आग्रह त्यात पहिल्यापासून आहे. एक सूचना आधीच देतो. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. फाइलीत ते नेहमीसारखे रोमन अक्षरांत लिहायचे.

‘स्टॅटिक’ या शब्दाचा घोळ

नवखा माणूस बहुतेक वेळा इथेच अडखळतो, म्हणून हे आधी. जँगोच्या भाषेत ‘स्टॅटिक फाइल्स’ म्हणजे सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं, फॉन्ट. ‘परिचय’ किंवा ‘संपर्क’ ही पानंही स्थिरच, कारण त्यांचा मजकूर रोज बदलत नाही. पण त्यांची जागा ‘स्टॅटिक’ फोल्डरमध्ये नाही. तिथे ‘परिचय.एचटीएमएल’ ठेवलंत तर ते दिसेल, पण त्याचा पत्ता ‘स्टॅटिक/परिचय.एचटीएमएल’ असा होईल. शिवाय त्यात साइटचा समान माथा आणि तळ घालता येणार नाही. स्थिर पानं टेम्प्लेट म्हणून, म्हणजे जँगो ज्यांतून पान तयार करतं अशा साच्यांच्या रूपात, ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्येच ठेवा.

कागदावर पत्ते ठरवा

स्वच्छ पत्त्याची माझी कसोटी साधी आहे: तो फोनवर सांगता आला पाहिजे. ‘आमच्या साइटवर जा आणि पुढे तिरकी रेघ, देणगी’ असं सांगितलं की समोरच्याला कळलं पाहिजे. त्यात प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह किंवा आकडा आला की सांगणारा आणि ऐकणारा दोघंही चुकतात.

पत्त्यात तंत्राची खूण ठेवू नका. शेवटी ‘.पीएचपी’ किंवा ‘.एचटीएमएल’ असलं, तर उद्या तंत्र बदलल्यावर पत्ताही बदलावा लागतो किंवा खोटं शेपूट सांभाळत बसावं लागतं. अक्षरं सगळी लहान ठेवा. डोमेनच्या नावात मोठ्या आणि लहान अक्षरांत फरक नसतो, पण त्यापुढच्या भागात जँगो तो फरक करतं. दोन शब्द जोडायचे असतील तर आडवी जोडरेघ वापरा, खालची रेघ नको. लिंक अधोरेखित झाली की खालची रेघ त्यात लपते आणि वाचणाऱ्याला तिथे मोकळी जागा आहे असं वाटतं. आणि पत्त्यात साल घालण्याआधी थांबून विचार करा. ‘वर्गणी-२०२३’ असं पान केलंत तर पुढच्या वर्षी तोच मजकूर नव्या पत्त्यावर न्यावा लागेल. दरवर्षी बदलणारा मजकूर ‘वर्गणी’ या एकाच पत्त्यावर राहू द्या.

पहिलं पान उभं करणं

‘पाने’ नावाचं एक छोटं ॲप करा आणि ते ‘सेटिंग्ज.पाय’मधल्या ‘इन्स्टॉल्ड_ॲप्स’च्या यादीत घाला. ॲपच्या आत ‘टेम्प्लेट्स’, त्याच्या आत पुन्हा ‘पाने’, अशी फोल्डरची रचना ठेवून सहाही टेम्प्लेट तिथे ठेवा. एकाच नावाचं फोल्डर दोनदा कशाला, असं वाटेल. पण जँगो सगळ्या ॲप्सची टेम्प्लेटं एकाच ढिगात शोधतं. दोन ॲप्समध्ये ‘संपर्क.एचटीएमएल’ असेल तर आधी सापडेल ती उचलतं. आतल्या फोल्डरमुळे तो गोंधळ टळतो.

ज्या पानाला डेटाबेसमधून काहीच आणायचं नाही, त्याच्यासाठी वेगळा व्ह्यू, म्हणजे विनंतीला उत्तर देणारा कोड, लिहायची गरज नाही. जँगोत ‘टेम्प्लेटव्ह्यू’ तयार मिळतो. ॲपच्या ‘यूआरएल्स.पाय’ फाइलीत प्रत्येक पानासाठी एक ओळ पुरते:

पाथ('संपर्क/', टेम्प्लेटव्ह्यू.ॲज_व्ह्यू(टेम्प्लेट_नेम='पाने/संपर्क.एचटीएमएल'), नेम='संपर्क')

या ओळीत तीन गोष्टी आहेत: लोकांना दिसणारा पत्ता, दाखवायची फाइल आणि आपल्या कोडपुरतं ठेवलेलं नाव. तिन्ही एकमेकांपासून सुट्या आहेत, हेच या पद्धतीचं बळ. फाइलीचं नाव बदललं तरी पत्ता हलत नाही. मुखपृष्ठासाठी पत्त्याच्या जागी रिकामं अवतरण द्यायचं. मग प्रकल्पाच्या मुख्य ‘यूआरएल्स.पाय’मध्ये ‘इन्क्लूड’ वापरून ही यादी जोडायची.

पत्त्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ देऊ नका. डोमेननंतरची पहिली रेघ जँगो स्वतः धरतं. तुम्ही आणखी एक दिलीत तर सर्व्हर सुरू होताना इशारा येतो आणि पान उघडत नाही.

जुने ट्युटोरियल बघून शिकत असाल तर तिथे ‘यूआरएल’ नावाचं फंक्शन आणि टोपी-डॉलरची चिन्हं असलेले पॅटर्न दिसतील. ‘पाथ’ आलं जँगो २.० मध्ये, डिसेंबर २०१७ ला. जुनं ‘यूआरएल’ फंक्शन ४.० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२१ ला काढून टाकलं. त्यामुळे तो कोड आज जसाच्या तसा चालवला तर इम्पोर्टलाच चूक दाखवतो. तिथे दोष तुमचा नसतो.

शेवटची तिरकी रेघ

‘संपर्क’ आणि ‘संपर्क/’ हे ब्राउझरच्या दृष्टीनं दोन वेगळे पत्ते आहेत. जँगोची रीत शेवटी रेघ देण्याची आहे. ‘अपेंड_स्लॅश’ ही सेटिंग मुळातच चालू असते. कुणी रेघेशिवाय आलं, तसा पत्ता यादीत नसला आणि रेघेसह असला, तर ‘कॉमनमिडलवेअर’ (मिडलवेअर म्हणजे प्रत्येक विनंती आणि उत्तर ज्यातून जातं तो मधला थर) त्याला ३०१ देऊन रेघेच्या पत्त्यावर पाठवतं. ३०१ म्हणजे ‘मुक्काम कायमचा हलला’.

उलट दिशेची सोय मात्र नाही. यादीत रेघेशिवाय लिहिलं आणि माणूस रेघ देऊन आला, तर त्याला ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, मिळेल. म्हणून सगळीकडे रेघ द्या, एकही अपवाद ठेवू नका. आणि एक खाचखळगा लक्षात असू द्या. फॉर्म रेघेशिवायच्या पत्त्यावर पाठवला तर वळवताना भरलेली माहिती गळून पडते. डीबग ही चुका सविस्तर दाखवणारी सेटिंग चालू असताना जँगो तिथे मुद्दाम मोठी चूक दाखवून थांबतं. ती चूक दिसली तर फॉर्मच्या पत्त्याला रेघ जोडा, सेटिंग बंद करत बसू नका.

लिंक नावानं द्या

वर प्रत्येक ओळीत ‘नेम’ दिलं ते यासाठी. टेम्प्लेटमध्ये लिंक देताना पत्ता हातानं लिहायचा नाही. महिरपी कंस आणि टक्के-चिन्हांत ‘यूआरएल’ टॅग लिहून पुढे नाव द्यायचं. पायथनच्या कोडमध्ये हेच काम ‘रिव्हर्स’ करतं. उद्या पत्ता बदलायची वेळ आलीच, तर ‘यूआरएल्स.पाय’मधली एक ओळ बदलली की मेनू, तळटीप, बटणं, सगळं आपोआप नव्या पत्त्याकडे वळतं. नाव चुकलं तर ‘नोरिव्हर्समॅच’ अशी चूक लगेच दिसते. हातानं लिहिलेला पत्ता चुकला तर ते कुणीतरी फोन करून सांगेपर्यंत कळत नाही.

पानं वाढली तर

सहाची बारा पानं झाली तरी बारा ओळी लिहा. त्यात काही वाईट नाही, उलट यादी एका नजरेत वाचता येते. मोह होतो तो वेगळाच: पत्त्यात जे नाव येईल त्याच नावाची टेम्प्लेट फाइल उघडणारा एकच व्ह्यू लिहायचा. तसं करू नका. बाहेरून आलेल्या मजकुरावरून फाइल उघडणं धोक्याचं असतं. आणि अर्धवट ठेवलेला एखादा मसुदाही त्यातून जगाला दिसू शकतो. एकच व्ह्यू हवा असेल तर डिक्शनरीत पत्ता आणि टेम्प्लेट यांच्या जोड्या लिहा. डिक्शनरीत नसलेलं नाव आलं तर सरळ ४०४ द्या. असा सगळं झेलणारा पॅटर्न यादीत सर्वांत शेवटी ठेवा. जँगो वरून खाली वाचत जातं आणि पहिला जुळणारा पॅटर्न धरतं. तो वर राहिला तर खालची पानं कधीच उघडणार नाहीत.

मजकूर तुम्ही नाही, ग्रंथपाल बदलणार असतील तर जँगोसोबतच येणारं ‘फ्लॅटपेजेस’ ॲप बघा. त्यात पान डेटाबेसमध्ये राहतं आणि ॲडमिनमधून पत्ता, शीर्षक, मजकूर भरता येतो. त्यासाठी ‘साइट्स’ आणि ‘फ्लॅटपेजेस’ ही दोन ॲप्स यादीत घालायची, ‘साइट_आयडी’ला १ द्यायचा, मायग्रेट करायचं, म्हणजे डेटाबेसमध्ये त्यांची टेबलं तयार करायची, आणि ‘फ्लॅटपेजफॉलबॅकमिडलवेअर’ मिडलवेअरच्या यादीत शेवटी ठेवायचं. एवढं केल्यावर पान उघडेल असं वाटतं आणि टेम्प्लेट नसल्याची चूक येते. ‘फ्लॅटपेजेस/डिफॉल्ट.एचटीएमएल’ हे टेम्प्लेट आपणच लिहायचं असतं, ते सोबत मिळत नाही. हे मिडलवेअर इतर कुठल्याही पॅटर्ननं पान न दिल्यावर, म्हणजे ४०४ ची वेळ आल्यावरच जागं होतं. त्यामुळे तुमच्या लिहिलेल्या ओळींना त्याचा त्रास नाही.

पत्ता मराठीत लिहावा का?

हा प्रश्न आपल्यालाच पडतो आणि इंग्रजी मार्गदर्शकांत त्याचं उत्तर सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

जँगोचं म्हणाल तर ‘पाथ’मध्ये थेट देवनागरीत ‘संपर्क/’ लिहिलं तरी पान उघडतं. ब्राउझरच्या पट्टीतही बहुतेक वेळा ते देवनागरीतच दिसतं. पण वाटेत पत्ता तसा प्रवास करत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्के-चिन्ह आणि दोन अक्षरं अशा तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला ९ खुणा. मात्रा आणि हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात, म्हणून ‘सभासदत्व’ हा शब्द ८ चिन्हांचा आणि पत्त्यात तब्बल ७२ खुणांचा होतो. कुणी तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की अनेकदा ती टक्क्यांची लांबलचक माळच दिसते आणि वाचणाऱ्याला ती फसवी लिंक वाटते. क्यूआर कोड करायला गेलात तर तोही दाट होतो. पाटीवर लहान आकारात छापला तर साध्या फोनला वाचायला जड जातो.

दुसरी अडचण जँगोच्या आतली आहे. शीर्षकावरून पत्ता बनवणारं ‘स्लगिफाय’ हे फंक्शन ‘अलाउ_युनिकोड’ चालू करून वापरलं, की मराठीही चालेल असं वाटतं. करून बघा. ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं, ‘देणगी’चं ‘दणग’, ‘पुस्तके’चं ‘पसतक’. पायथनच्या नियमित पॅटर्नमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ या व्याख्येत मात्रा, अनुस्वार आणि हलन्त बसत नाहीत, म्हणून ते विरामचिन्हांसारखे पुसले जातात. ‘फ्लॅटपेजेस’च्या ॲडमिन फॉर्मची तपासणीही त्याच व्याख्येवर चालते. तिथे ‘/नगर/’ असा पत्ता स्वीकारला जातो आणि ‘/पुणे/’ नाकारला जातो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपलंच काही चुकलं असं समजून बराच वेळ शोधत बसलो होतो. ‘पाथ’मधला ‘स्लग’ हा प्रकार तर फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी अंक, जोडरेघ आणि खालची रेघ एवढंच धरतो. देवनागरी पत्ता घ्यायचाच असेल तर तिथे ‘एसटीआर’ वापरा. तो तिरकी रेघ सोडून सगळं स्वीकारतो.

तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे, पण मराठीत हमखास घडते. ‘ॲप’मधला ‘ॲ’ एका चिन्हानंही लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’सुद्धा वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या चिन्हांनी लिहितात. डोळ्यांना शब्द तोच दिसतो, संगणकाला मात्र दोन वेगळे पत्ते दिसतात आणि त्यातला एक ४०४ देतो.

म्हणून माझं मत असं: शब्द मराठी ठेवा, लिपी रोमन ठेवा. ‘कॉन्टॅक्ट’पेक्षा ‘संपर्क’ हा शब्द वाचनालयाच्या सभासदाला जवळचा आहे. एस-ए-एम-पी-ए-आर-के एवढ्या सात अक्षरांत तो बसतोही. फक्त रोमन स्पेलिंगची एकच रीत धरा. ‘वाचनालय’मधला ‘व’ व्ही की डब्ल्यू, दीर्घ ‘आ’ला एक ए की दोन, हे एकदा ठरवून कागदावर लिहून ठेवा. मी व्ही आणि एकच ए वापरतो. ज्या शब्दाची दोन स्पेलिंगं लोक खरोखरच टाइप करतील, त्यांतलं दुसरं पहिल्याकडे वळवून द्या. देवनागरी पत्ताही तसाच वळवायच्या यादीत ठेवता येतो. टाइप करणाऱ्याला पान मिळतं आणि कायमचा पत्ता एकच राहतो.

जुने पत्ते वळवणं

पावतीपुस्तकाची गोष्ट इथे पुरी होते. साधा जुना पत्ता, समजा ‘अबाउट.एचटीएमएल’, नव्याकडे न्यायचा असेल तर ‘रीडायरेक्टव्ह्यू’ पुरतो. त्यात ‘पॅटर्न_नेम’ म्हणून नव्या पानाचं नाव द्यायचं आणि ‘परमनंट’ला ‘ट्रू’ लिहायचं. ते लिहिलं नाही तर ३०२, म्हणजे तात्पुरतं वळण जातं. गडबड इथेच होते, पण तिचा उपयोगही करून घेता येतो. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. चुकीच्या जागी वळवलंत तर कोड दुरुस्त केल्यावरही तुमचा स्वतःचा ब्राउझर जुन्याच चुकीच्या वाटेनं जात राहतो. म्हणून आधी ३०२ नं तपासा आणि खात्री झाली की ३०१ करा.

‘पेज.पीएचपी’ आणि पुढे ‘आयडी=७’ या प्रकाराला मात्र वेगळी युक्ती लागते. ‘पाथ’ला प्रश्नचिन्हापुढचा भाग दिसतच नाही. जँगोसोबत ‘रीडायरेक्ट्स’ नावाचं ॲप येतं. ते प्रश्नचिन्हासह पूर्ण पत्ता डेटाबेसमधल्या यादीशी ताडून बघतं आणि कागदावर अगदी योग्य वाटतं. पण फेसबुकवरून आलेल्या लिंकला शेवटी ‘एफबीसीएलआयडी’ची शेपटी लागते. मग पूर्ण पत्ता जुळत नाही आणि वळण लागत नाही. त्यापेक्षा ‘पेज.पीएचपी’ या पत्त्यासाठी चार ओळींचा व्ह्यू लिहा. ‘रिक्वेस्ट.गेट’मधून आयडी काढायचा, डिक्शनरीत त्यासमोरच्या नव्या पानाचं नाव शोधायचं आणि ‘रीडायरेक्ट’नं ‘परमनंट’ लावून तिकडे पाठवायचं. आयडी सापडला नाही तर ४०४. शेपटी कितीही लांब असली तरी हा व्ह्यू चालतो.

एवढं करूनही पान उघडलं नाही तर होस्टिंग तपासा. काही सर्व्हरवर ‘.पीएचपी’नं संपणारी प्रत्येक विनंती आधी पीएचपीकडेच जाते आणि जँगोपर्यंत पोचत नाही. तिथे वळण सर्व्हरच्या सेटिंगमध्येच द्यावं लागतं.

तपासणी

आपल्या मशीनवर ‘रनसर्व्हर’ चालू करा आणि ८००० पोर्टवर मुद्दाम चुकीचा पत्ता टाका. डीबग चालू असताना ४०४ च्या पिवळसर पानावर जँगोनं कोणते पॅटर्न कोणत्या क्रमानं तपासले, त्याची यादी असते. पान का उघडत नाही हे कळायला याहून चांगली जागा नाही. नंतर कागदावरचा प्रत्येक पत्ता तीन तऱ्हांनी उघडा: रेघेसह, रेघेशिवाय आणि पहिलं अक्षर मोठं करून. शेवटच्या तऱ्हेला ४०४ यायलाच हवा.

वळवलेल्या पत्त्यांसाठी ब्राउझरवर विसंबू नका, तो जुनं लक्षात ठेवतो. टर्मिनलमध्ये ‘कर्ल’ या आज्ञेला मोठा आय हा पर्याय देऊन पत्ता टाका. पहिल्या ओळीत ३०१ आणि ‘लोकेशन’समोर नवा पत्ता दिसला पाहिजे. तीच तपासणी टेस्टमध्ये लिहून ठेवा. ‘असर्टरीडायरेक्ट्स’ मुळात ३०२ ची अपेक्षा धरतं, म्हणून ‘स्टेटस_कोड’ला ३०१ द्यायला विसरू नका.

साइट चढवण्याआधी ‘४०४.एचटीएमएल’ नावाचं टेम्प्लेट मराठीत लिहा. त्यात मुखपृष्ठाची आणि संपर्काची लिंक द्या. डीबग बंद केल्यावरच ते दिसतं, आणि डीबग बंद करताना ‘अलाउड_होस्ट्स’मध्ये डोमेन घालावं लागतं. मग वाचनालयात जा आणि पावतीपुस्तक, सभासदाचं कार्ड, दारावरची पाटी, लेटरहेड, जिथे जिथे पत्ता छापला आहे तो तिथून वाचून स्वतःच्या फोनवर टाइप करून बघा. मी हे ग्रंथपालांच्या टेबलाशी बसून केलं, तेव्हा मला माहीतच नसलेला आणखी एक जुना पत्ता तिथल्या रबरी शिक्क्यावर सापडला. त्यासाठी त्या डिक्शनरीत आणखी एक ओळ वाढली.